पाळणाघराचं दार उघडं राहतं कशामुळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात, भाड्याच्या घरात, तळमजल्यावर पाळणाघर आहे. एक ते पाच वर्षांची बावीस मुलं, चालक ताई आणि तीन मावशी. मागच्या आठवड्यात संध्याकाळी मुलं नेण्याच्या गर्दीत एक अनोळखी माणूस 'मी मामा आहे, न्यायला आलोय' म्हणत थेट हॉलपर्यंत पोचला. मूल त्याच्या हाती दिलं गेलं नाही, पण तो आत आला कसा, हे चौघींपैकी कुणालाच सांगता येईना. पालक घाबरलेत. सीसीटीव्ही लावू की वॉचमन ठेवू, असं ताईंनी विचारलंय.

ताई, कॅमेरा आणि वॉचमन दोन्ही नंतर. आधी एक शंभर पानी वही घ्या आणि सोमवार ते शनिवार दाराशी ठेवा. दार कुणी उघडलं, कशासाठी उघडलं आणि किती वेळ उघडं राहिलं, एवढ्या तीनच गोष्टी लिहायच्या. शनिवारी बेरीज करा. पालकांच्या ये-जा करण्याचा वेळ त्या बेरजेत फार नसतो, असं तुमच्या लक्षात येईल. कूलर चालू आहे, टँकरचा पाइप आत घेतलाय, कडी नीट बसत नाही, मावशी कचरा टाकायला गेल्यात, अशा कारणांनी दार जास्त उघडं असतं. तुमच्याकडे आलेल्या माणसाने काही कुलूप तोडलं नाही. 'दार बंद ठेवा' अशी पाटी लावून आणि मावशींना रागावून चार दिवस फरक पडतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दार उघडं ठेवावं लागण्याची कारणंच एकेक करून संपवावी लागतात.

सोलापुरात पहिलं कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि हॉलमध्ये कूलर. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ढकलतो. त्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, मुलांच्या अंगाला चिकचिक होते, ती किरकिर करायला लागतात आणि कुणीतरी दार उघडतं. उघडणाऱ्या मावशींचं चुकत नाही, मुलांना बरं वाटावं म्हणूनच त्या उघडतात. म्हणून कूलरच्या समोरच्या भिंतीत, जमिनीपासून सात फुटांवर बारा इंची एक्झॉस्ट पंखा बसवून घ्या, किंवा त्या बाजूची गजांची खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर जाण्याची वाट कूलरच्या तोंडापेक्षा लहान नको. दाराला जाळीचं दुसरं पान लावायचं असेल तर डासांची नायलॉन जाळी उपयोगाची नाही, ती ब्लेडने सरळ कापता येते. लोखंडी चौकटीत वेल्ड केलेली, पाव इंच भोकाची जाळी घ्या. त्यातून मोठ्या माणसाचं बोट आत येत नाही आणि मुलांची बोटंही अडकत नाहीत.

दुसरं कारण पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे उन्हाळ्यात टँकर ठरलेला. टँकर आला की काय होतं ते एकदा उभं राहून बघा. मनगटाएवढा जाड पाइप उंबऱ्यावरून आत जातो, दार त्यावर येऊन टेकतं आणि चार बोटांची फट राहते. टाकी भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं ती फट तशीच. टँकरवाला रस्त्यावर पंपापाशी, त्याचा जोडीदार टाकीपाशी, म्हणजे घराच्या आत, आणि मावशी पाइपवर पाय देऊन उभ्या. या वेळी आणखी एक माणूस आत आला तर तो टँकरबरोबरचाच वाटतो, कुणी विचारतही नाही. उपाय साधा आहे: कंपाउंडच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला दोन इंची पाइप कायमचा काढून घ्या, त्याचं दुसरं टोक टाकीत सोडा आणि बाहेरच्या तोंडाला आटे असलेलं झाकण लावून कुलूप घाला. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानंतर टँकरचा माणूस गेटच्या आत येण्याचं कारणच राहत नाही. टाकीच्या झाकणालाही कुलूप हवं, ते बाहेरच्या माणसांसाठी कमी आणि मुलांसाठी जास्त.

पाण्याचे जार, गॅस, दूध, किराणा, भंगारवाला, मीटर रीडिंग यांचंही असंच. जार बाहेरच्या ओट्यावर ठेवायचा आणि रिकामा तिथूनच उचलायचा. सिलिंडर मुलं नसताना, सकाळी आठच्या आत किंवा सुट्टीच्या दिवशी मागवा. कूलर, मोटार, पंखे यांची दुरुस्ती रविवारी. ज्या दिवशी मिस्त्रीला मुलांच्या वेळेत बोलावल्याशिवाय इलाज नाही, त्या दिवशी एक मावशी शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहील आणि तेवढा वेळ तिच्याकडे मुलांचं दुसरं काही काम नसेल. गणपतीची, नवरात्रीची, जयंत्यांची वर्गणी मागायला येणारी पोरं गल्लीतलीच असतात, तरीही गेटच्या बाहेरूनच पावती. वर्षाची वर्गणी एकदाच देऊन पावत्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवल्या तर तोंडातोंडी होत नाही.

आता दार. तुमच्या घराला पुढे गेट आणि आत मुख्य दार, मध्ये ओटा, असं असणार. हीच रचना कामाला आणायची. नियम एकच: गेट आणि मुख्य दार एका वेळी कधीही उघडी नसावीत. आलेला माणूस गेटच्या आत आला, गेट लागलं, मग मुख्य दार उघडायचं. चपला, छत्र्या, पालकांनी आणलेल्या पिशव्या यांची जागा ओट्यावरच करा, म्हणजे थांबणं ओट्यावर होईल. ओटा मोकळा रस्त्याला लागून असेल तर कडेने पाच-सहा फुटांची जाळी किंवा ग्रिल करून घ्या. चार फूट लांब, चार फूट रुंद एवढी बंदिस्त जागा मिळाली तरी पुरते.

गेटचे गज उभे हवेत आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर हवं. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना शिडीच. गेटच्या खालच्या साडेतीन फुटांना पत्रा ठोकून घ्या. गजांतून हात घालून मुलाला खाऊ दाखवणं, त्याचं नाव विचारणं, जवळ बोलावणं हे सगळं याच उंचीवर चालतं, आणि पत्रा असला की मुलं रस्त्याकडे बघत गेटला चिकटून उभी राहत नाहीत. कडी जमिनीपासून पाच फुटांवर, आतल्या बाजूला, आणि बाहेरून हात घालून पोचू नये म्हणून तिच्याभोवती एक वितीचा पत्रा. आपल्याकडे गेटची कडी बाहेरून हात घालून काढायची सवय सगळ्यांनाच आहे, पाहुण्यांनाही. ती सवय पालकांनाही मोडावी लागेल.

मुख्य दार आपोआप लागलं पाहिजे. त्यासाठी वरच्या बाजूला हायड्रॉलिक डोअर क्लोजर बसवा. त्यात एक गोम आहे. आतलं तेल उन्हाळ्यात पातळ होतं आणि दार धाडकन आपटतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि दार शेवटच्या दोन इंचांवर अडतं, कडीत बसतच नाही. आपटणाऱ्या दारात मुलांची बोटं सापडतात, मग कुणीतरी दाराला वीट लावतं आणि क्लोजरचा उपयोग संपतो. म्हणून होळीच्या सुमारास आणि दिवाळीनंतर असं वर्षातून दोनदा क्लोजरच्या बाजूचे स्क्रू पाव फेरा फिरवून वेग जुळवून घ्यायचा. तेल गळाल्याचा डाग दिसला तर क्लोजर बदलायचा, तो दुरुस्त होत नाही. बिजागरीच्या फटीवर वरपासून खालपर्यंत रबरी पट्टी लावा. दाराला वीट, दगड, चप्पल लावलेली दिसली की लगेच कारण शोधा, कारण तिथे काहीतरी बिघडलेलं असतं.

कुलुपाच्या बाबतीत फार काळजी घ्या. आतून किल्लीने उघडणारं कुलूप पाळणाघराच्या दाराला नकोच. रात्री निघताना बाहेरून काय लावायचं ते लावा, पण मुलं आत असताना आतल्या मोठ्या माणसाला एका हाताने, किल्लीशिवाय, अंधारातही दार उघडता आलं पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला, ते सोलापूरला आठवण करून द्यायला नको. बाहेरच्याला अडवताना आतल्याची वाट बंद होता कामा नये. मागच्या दारालाही पाच फुटांवर टॉवर बोल्ट, बाहेर मोकळी जागा, आणि तिथे जुन्या सतरंज्या किंवा सायकल ठेवायची नाही.

इलेक्ट्रिक मॅग्नेटचं कुलूप बसवायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: वीज गेली की ते सुटतं. आगीच्या दृष्टीने ते योग्य आहे, पण वीज गेल्यावर दार उघडं पडलं हे तुम्हाला कळलंच पाहिजे. सहाशे पाउंडी कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे जोडीला ठेवलेली ७ अँपिअर-अवरची बॅटरी वीज गेल्यावर कागदावर चौदा तास आणि प्रत्यक्षात आठ-दहा तास पुरते. दोन-तीन वर्षांत बॅटरी दमते, तेव्हा तीन महिन्यांतून एकदा मेन स्विच बंद करून कुलूप किती वेळ धरतं ते बघा. बावीस मुलांच्या पाळणाघराला साधी भक्कम कडी आणि दारातून बाहेर बघायची भिंगाची खिडकी पुष्कळ झाली. पैसे असतील तर ते व्हिडिओ डोअरफोनवर घाला, गेटवरचा माणूस आतूनच दिसतो.

घर भाड्याचं आहे म्हणून आणखी एक. घरमालकाकडे दुसरी किल्ली असतेच, आधीच्या भाडेकरूकडेही असू शकते. कुलपाचं सिलिंडर बदलून घ्या आणि भाडेकरारात स्पष्ट लिहून घ्या की पाळणाघराच्या वेळेत मालक किंवा मालकाची माणसं आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय आत येणार नाहीत. वरच्या मजल्याचा जिना तुमच्या ओट्यावरून जात असेल तर ओटा तुमच्या ताब्यात नाही असं समजा आणि बंदिस्त जागा मुख्य दाराच्या आत करा. मालक वयाने मोठे, ओळखीचे, मुलांना खाऊ आणणारे असले की त्यांना अडवणं जड जातं. म्हणूनच ते आधी कागदावर असावं, मग तोंडाने सांगायची वेळ येत नाही.

आता मूल हाती देणं. सगळ्यात जास्त वेळ यावर खर्च करा, कारण तुमच्या दाराशी येणारा मामा पुन्हा येईल, आणि कधीतरी तो खरंच मामा असेल.

प्रत्येक मुलाची एक फाइल. त्यात आईवडिलांखेरीज जास्तीत जास्त तीन माणसं, प्रत्येकाचा अलीकडचा फोटो, नातं, मोबाइल नंबर, आणि आईवडील दोघांच्या सह्या किंवा अंगठे. नंबर लिहून घेतला की तिथेच फोन लावून वाजतोय का बघा. आधारची झेरॉक्स जमवून काही साधत नाही. दाराशी फोटो कामाला येतो, आणि मुलांच्या घरच्यांचे आधार नंबर तुमच्या कपाटात पडून राहणं हा वेगळाच धोका. या फोटोंचा एक तक्ता करून मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा लावा. आपल्या गावात याचा आणखी एक उपयोग आहे. न्यायला आलेल्या आजी फक्त तेलुगू किंवा कन्नड बोलतात, मावशींना ती भाषा येत नाही, दोन वाक्यं झाली की संकोच वाटतो आणि मावशी मान डोलावून मूल देऊन टाकतात. फोटो समोर असला की भाषेची अडचण येत नाही, आणि खऱ्या आजींना उन्हात ताटकळतही ठेवावं लागत नाही.

तक्त्यावर नसलेला माणूस आला तर क्रम ठरलेला हवा. त्याला ओट्यावरच बसवायचं, पाणी द्यायचं, गेट लावलेलं. मूल आतच, त्याच्या नजरेला पडणार नाही असं. मग फाइलमधल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करायचा. आलेल्या माणसाने लावून दिलेला फोन कानाला लावायचा नाही, त्याने दाखवलेला व्हॉट्सअॅप मेसेजही धरायचा नाही. 'ताई, मी हिची आई बोलतेय, देऊन टाका' हा आवाज कुणाचाही असू शकतो आणि आता तर मशीनने हुबेहूब काढता येतो. आईने फोन उचलला तर तिला ठरलेला परवलीचा शब्द विचारा. तो शब्द घरातल्या कुणालाही सहज सुचेल असा नको, म्हणजे मुलाचं लाडकं नाव किंवा कुलदैवत नको. एकदा वापरला की दुसऱ्या दिवशी बदलायचा. फोन लागला नाही तर वडील, मग तक्त्यावरचं पुढचं माणूस. कुणीच उचललं नाही तर मूल द्यायचं नाही, कितीही उशीर झाला तरी.

'आईचा अपघात झालाय, सिव्हिलला नेलंय, लवकर द्या' हे वाक्य घाई करायला लावण्यासाठीच बोललं जातं. समजा ते खरं असलं, तरी मूल तुमच्याकडे आणखी अर्धा तास राहिल्याने काही बिघडत नाही. हे मावशींना शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून सांगा, कारण ऐन वेळी माणूस मनाने कोवळा होतो.

मूल त्या माणसाकडे धावत गेलं, 'मामा' म्हणालं, म्हणून द्यायचं, असं करू नका. मूल ओळख सांगतं, परवानगी देत नाही. शहाणीसुरती माणसंसुद्धा इथेच फसतात.

रिक्षावाले मामा वेगळ्या फाइलमध्ये. लायसन्स, बॅज नंबर, रिक्षाचा नंबर, फोटो, आणि कोणकोणती मुलं त्यांच्याकडे आहेत त्याची यादी पालकांच्या सहीने. मामा आजारी पडले आणि त्यांनी भावाला पाठवलं तर भाऊ अनोळखीच. तसा फोन मामांनी नाही, पालकांनी करायचा. विडी कामगार किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या आयांची मुलं तुमच्याकडे असतील तर कामाच्या पाळ्या आणि विड्या देण्याच्या वेळा बदलतात, आणि शेजारीण, नणंद, मोठी बहीण असं कुणीही न्यायला येतं. त्या आयांवर उशिराबद्दल ओरडू नका. ओरडलं की त्या पुढच्या वेळी मिळेल त्याला पाठवतात. वेळ बदलली तर साधा मिस्ड कॉल द्या, आम्ही परत फोन करू, असं ठरवून घ्या. बारा वर्षांच्या बहिणीच्या हाती तान्हं मूल द्यायचं नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा. तान्ह्याला न्यायला वयाने अठरा पूर्ण झालेलंच माणूस हवं.

आता अवघड प्रकरण: आईवडील वेगळे राहतात आणि आई म्हणते, वडिलांना देऊ नका. वडील हे कायद्याने पालक आहेत. कोर्टाचा ताब्याचा आदेश नसताना दोघांत कुणाचा हक्क जास्त, हे ठरवण्याचा अधिकार पाळणाघराला नाही. प्रवेश देतानाच विचारा, आदेश असेल तर त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा आणि त्यात भेटीचे वार-वेळ लिहिलेत का ते वाचा. आदेश नसेल आणि वडील दाराशी आले तर वाद घालू नका, त्यांना ओट्यावर बसवा, आईला बोलवा, आवाज चढला तर ११२ लावा. हिसकाहिसकी होऊ न देणं एवढंच तुमचं काम. आणि दारू पिऊन आलेला बाप तक्त्यावरचा असला तरी त्याच्या हाती मूल द्यायचं नाही. तक्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला बोलवायचं. ही अट प्रवेशाच्या अर्जावर छापून सही घ्या, म्हणजे त्या वेळी मावशींना अर्जाकडे बोट दाखवता येईल.

एक समज मात्र होऊ देऊ नका. अनोळखी माणसाला अडवायचं म्हणून पालकांना अडवायचं नाही. आईला दिवसात कधीही, न सांगता येऊन मूल पाहता आलं पाहिजे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं असं सांगितलं. तुमचं पाळणाघर खाजगी असलं तरी तीच रीत ठेवा. ज्या पाळणाघरात पालकांना आत येऊ देत नाहीत तिथे आत काय चाललंय हे कुणालाच कळत नाही, आणि तो धोका बाहेरच्या माणसापेक्षा मोठा.

बिनपरवानगी आत येणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतात ती मावशींची आणि चालकांची स्वतःची माणसं. डबा घेऊन आलेला नवरा, पैसे मागायला आलेला मुलगा, लाइट बिल भरायला जाणारा भाचा. ही वाईट माणसं असतात असं नाही, पण त्यांना कुणी विचारत नाही, त्यांची नोंद होत नाही, आणि ती थेट स्वयंपाकघरापर्यंत जातात. नियम चालकांपासून सुरू करा: तुमच्या घरचं माणूससुद्धा ओट्यावरच. नवीन मावशी ठेवताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी करून घ्या. शहर हद्दीत हे काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे, हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामीण पोलिसांकडे. अर्ज ऑनलाइन करता येतो. कागद येईपर्यंत नवीन मावशीला एकटीला मुलांजवळ सोडायचं नाही. मावशी काम सोडून गेल्या तर त्याच दिवशी किल्ल्या परत, परवलीचे शब्द बदललेले, ग्रुपमधून नाव काढलेलं आणि सगळ्या पालकांना निरोप. शेवटचं हमखास राहून जातं, आणि सोडून गेलेल्या मावशीच पंधरा दिवसांनी 'आईने पाठवलंय' म्हणून आल्या तर पालकांना त्यात वावगं वाटत नाही.

तपासणीला किंवा आरोग्याच्या कामाला आलेल्या माणसांना ओळखपत्र मागायला संकोच करू नका. खरे अधिकारी चिडत नाहीत. पोलिओचं पथक आलं तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नागरी आरोग्य केंद्राच्या नंबरवर विचारा. आत आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात भडक रंगाची पट्टी घाला, म्हणजे आतल्या मावशींना एका नजरेत कळेल की हा बाहेरचा आहे आणि नोंद झालेला आहे. पट्टी नसलेला मोठा माणूस आत दिसला तर विचारायचं, मग तो कुणी का असेना. नोंदवहीत नाव, कुणाकडे, मोबाइल, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही. जाण्याची वेळ भरलेली नसेल तर तो माणूस अजून आतच आहे असं धरून शोधायचं.

आता सीसीटीव्ही. चोवीस तास चित्र साठवणारा कॅमेरा कुणाला अडवत नाही, नंतर काय झालं ते सांगतो. घ्यायचा तर चार पुरतात: गेट, ओटा, हॉल, मागचं दार. चुकतो तो गेटचा. तो दहा फुटांवर छताला लावतात आणि त्यात डोक्यांचे माथेच तेवढे दिसतात. गेटचा कॅमेरा साडेपाच ते सहा फुटांवर, ४ किंवा ६ मिलिमीटर भिंगाचा, येणाऱ्याचा चेहरा समोरून पकडेल असा. तुमचं दार पश्चिमेला असेल तर संध्याकाळी मागून येणाऱ्या उजेडात चेहरे काळे पडतात. म्हणून डब्ल्यूडीआर, म्हणजे मागून उजेड असला तरी चेहरा स्पष्ट दाखवण्याची सोय, असलेलाच घ्या. दोन मेगापिक्सलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर दिवसाला साधारण २१.६ जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीच्या डिस्कमध्ये अकरा-बारा दिवसच बसतात. महिनाभराचं हवं तर चार टीबी घ्या. डीव्हीआर, म्हणजे चित्र साठवणारं यंत्र, कुलपाच्या पेटीत, यूपीएसवर. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. दर सोमवारी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून बघा, कारण वीज जाऊन-येऊन ते पुढे-मागे होतं आणि मग चित्रीकरणाच्या वेळेचा काही भरवसा राहत नाही. भिंगावर धूळ आणि कारखान्यांजवळ सुताची पिंज बसते, महिन्यातून दोनदा मऊ कापडाने पुसा. बाथरूम आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा नाही. थेट चित्र सगळ्या पालकांच्या मोबाइलवर देऊ नका. बावीस घरांतल्या एकाचा मोबाइल हरवला की तुमचा हॉल कुणालाही दिसतो.

वॉचमन ठेवायचा तर हेही लक्षात घ्या की तोही बाहेरचाच माणूस, आणि एजन्सी तो दर महिन्याला बदलते. त्याचीही पडताळणी हवी. त्याचं काम गेटपर्यंत. मुख्य दार उघडण्याचा अधिकार आतल्या मावशींकडेच राहिला पाहिजे. तेवढ्याच पगारात सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात अशी फक्त दाराची एक मावशी मिळत असेल तर मी तिला आधी घेईन. या दोन वेळांतच एका पालकाच्या मागे दुसरा माणूस आत शिरतो. पालकांनाही सांगा: तुमच्या मागे आलेल्या माणसासाठी दार धरून ठेवू नका. माणुसकी म्हणून आपण धरतो, पण इथे प्रत्येकाने आपलं दार आपण वाजवायचं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नोंदी दुप्पट काळजीने करा. गावाबाहेरचे नातेवाईक घरोघरी उतरलेले असतात, 'जत्रेला नेतो' म्हणून कुणीही येतं, आणि नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मावशी आळीपाळीने दाराशी जातात. मिरवणुकीच्या दिवशी सुट्टी द्या किंवा अर्धा दिवस चालवा.

मुलांची माहिती बाहेर किती जाते तेही बघा. दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरात शिवलेलं नाव म्हणजे अनोळखी माणसाला मुलाला नावाने हाक मारायची सोय. नाव आतल्या बाजूला. वाढदिवसाचे फोटो नाव-पत्त्यासह स्टेटसला ठेवू नका.

माणूस आत शिरलाच तर काय करायचं, याचं एक वाक्य ठरवून ठेवा. 'दुधाचा हिशेब झाला का?' असं कुणी मोठ्याने विचारलं की दोन मावशी सगळ्या मुलांना आतल्या खोलीत नेतील, बोल्ट लावतील, डोकी मोजतील. तिसरी ११२ लावेल. तुम्ही त्या माणसाशी बोलत राहाल, त्याच्या अंगावर जाणार नाही, त्याची बाहेरची वाट अडवणार नाही. मुलांना हे 'पाखरं घरट्यात' असा खेळ म्हणून शिकवा, महिन्यातून एकदा, हसत-खेळत. भीती घालायची नाही. दीड वर्षाच्या मुलाला 'अनोळखी' म्हणजे काय ते कळत नाही, पण खेळ कळतो.

मूल दिसत नाही असं लक्षात आलं तर आधी दोन्ही दारं लावा, मग बाकीच्यांची डोकी मोजा, मग कॉटखाली, कपाटात, बाथरूममध्ये, टाकीपाशी बघा. पाच मिनिटांत सापडलं नाही की ११२, पालक आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. 'चोवीस तास थांबा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका; मूल हरवलं की अपहरण गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. आणि कुणी मुलाशी वावगं वागल्याचा संशय जरी आला तरी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसाचं प्रकरण दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. 'घरातल्या घरात मिटवू' असं म्हणणाऱ्यांत मालक असो, पालक असो, ते मान्य करू नका.

हे सगळं बसलं की महिन्याने एक चाचणी घ्या. मावशींना न ओळखणारी, पण तुमच्या विश्वासातली एखादी बाई संध्याकाळी पावणेसहाला पाठवा. एका पालकाला आधी सांगून ठेवा. त्या बाईने म्हणायचं, 'मी आत्या, न्यायला आलेय.' मूल तर द्यायचंच नाही, पण ती गेटपर्यंत पोचली, ओट्यापर्यंत की उंबऱ्याच्या आत, आणि कुणी पहिला प्रश्न किती वेळाने विचारला, हे तिच्याकडून लिहून घ्या. अडवणाऱ्या मावशींचं सगळ्यांसमोर कौतुक करा. ज्यांनी आत सोडलं त्यांना सगळ्यांदेखत बोलू नका, त्या वेळी त्यांच्या हातात दुसरं काय काम होतं ते विचारा आणि ते काम त्या वेळेतून काढून टाका. तीन महिन्यांनी पुन्हा, दुसरी बाई, दुसरी वेळ.